यंत्राला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे, अशी रीत आहे. आमचे शाळेतले शिक्षण लवकर आटोपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, कारखान्याच्या फाटकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, कामगारांचे अर्ज लिहिण्यात आणि तक्रारी मांडण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाचे हे चार शब्द आहेत, असे समजून ते गोड मानून घ्यावेत.

चालकांनी विषय दिला तो असा : नवे उद्योग काढणाऱ्यांच्या आठवणी. हल्ली ज्यांना स्टार्टअप म्हणतात त्या उद्योगांच्या संस्थापकांची भाषणे आणि मुलाखती आम्ही आवडीने ऐकतो. त्यांत एक प्रसंग हटकून येतो. मोठे गिऱ्हाईक मिळालेले असते. मुदत अशक्य असते. पडद्याला बोट लावले की उत्तर देणारे, माणसाशी बोलणारे असे काही यंत्र करून द्यायचे असते. उद्घाटनाच्या आदल्या रात्री ते रुसते. चारसहा पोरे रात्रभर जागतात, पहाटे यंत्र चालू होते, आणि सकाळी पाहुण्यांनी बोट लावताच टाळ्या पडतात. गोष्ट खरी असते आणि चांगलीही असते. अंगमेहनतीच्या माणसाला दुसऱ्याच्या जाग्रणाची किंमत कळते; म्हणून त्या पोरांची थट्टा करायला आम्ही उभे नाही.

परंतु या गोष्टीत एक माणूस हटकून गैरहजर असतो. ज्याने काम दिले आणि बिल चुकवले त्याला संस्थापक ‘ग्राहक’ म्हणतात. पाहुणे निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या यंत्रापुढे जो उभा राहतो, त्याला गोष्टीत नाव नसते. आज आम्हाला त्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचे आहे.

अशा यंत्रांना परस्परसंवादी यंत्रे म्हणतात. संवाद हा शब्द आमच्या चांगला परिचयाचा आहे. मालकाशी वाटाघाटी करणे हा आमचा धंदाच आहे. टेबलावर कागद ठेवून ‘येथे सही करा’ एवढेच जो म्हणतो, त्याच्याशी झालेल्या बैठकीला आम्ही वाटाघाट म्हणत नाही. समोरच्याला ‘हे मला मान्य नाही’ असे म्हणता आले पाहिजे, आणि ते म्हटल्यावर कोणीतरी उत्तर द्यायला बांधलेला असला पाहिजे. त्याशिवाय संवाद नाही. हीच कसोटी यंत्राला लावून पाहू. त्यासाठी दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यात एक उदाहरण घडले आहे.

राहाता तालुक्यात गोदाकाठी पुणतांबे गाव आहे. चांगदेवांच्या समाधीचे गाव म्हणून आपण ते जाणतो. २०१७ साली या गावाच्या ग्रामसभेने ठरवले की शेतकऱ्यांनी संपावर जायचे. संप हा शब्द आमच्या धंद्यातला. तो शेतकऱ्याने उचलला याचे आम्हाला कौतुक वाटले. १ जून २०१७ पासून दूध आणि भाजीपाला शहरांकडे जायचा थांबला आणि पाहता पाहता संप राज्यभर पसरला. २४ जूनला सरकारने कर्जमाफी जाहीर केली. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना असे तिचे नाव. आकडा ३४,०२२ कोटींचा आणि लाभ ८९ लाख शेतकऱ्यांना, अशी ती घोषणा होती. कुटुंबामागे दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ व्हायचे होते.

येथून यंत्राची गोष्ट सुरू होते. पूर्वीच्या कर्जमाफीत बनावट नावे घुसली, असा आक्षेप होता. म्हणून या वेळी प्रत्येक शेतकऱ्याने संगणकावर अर्ज भरायचा, आधार क्रमांक द्यायचा आणि अंगठा लावून आपण तेच आहोत हे सिद्ध करायचे, असे ठरले. हेतू वाईट नव्हता. जुलैच्या अखेरीस अर्ज सुरू झाले आणि मुदतवाढ मिळून सप्टेंबरात बंद झाले. म्हणजे लक्षावधी कुटुंबांचे अर्ज भरून घेणारे यंत्र उभे करायला जवळजवळ एक महिना आणि ते चालवायला दोन महिने. याहून मोठे गिऱ्हाईक आणि याहून कडक मुदत कोणत्या नवउद्योगाला मिळाली असेल?

या कामाचे आमच्या दृष्टीने खरे संस्थापक कोण? गावोगावचे केंद्रचालक. सरकारी सेवा केंद्र म्हणजे सरकारी कचेरी नव्हे. बारावी किंवा पदवी झालेला, नोकरी न लागलेला एखादा पोरगा कर्ज काढून संगणक, छपाईयंत्र आणि अंगठ्याचे यंत्र घेतो, बाजारपेठेत दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतो आणि दाखले काढून देण्याचा धंदा सुरू करतो. भांडवल स्वतःचे, धोका स्वतःचा, गिऱ्हाईक गावचे. नवउद्योगाची याहून वेगळी व्याख्या आम्हाला ठाऊक नाही. मात्र त्याला भाषणाला कोणी बोलावत नाही.

आमच्या संघटनेतले पुष्कळ कामगार घरचे शेतकरीही आहेत. त्यांच्याबरोबर त्या दिवसांत आम्ही अशा केंद्रांवर बसलो. दिवसा संकेतस्थळ उघडत नसे. पडद्यावर एक चक्र फिरत राही, आणि पन्नास माणसे त्या चक्राकडे पाहत बसत. मध्यरात्रीनंतर गर्दी ओसरली की काम थोडे सुरळीत चाले. म्हणून केंद्रचालक शेतकऱ्यांना रात्री दोन वाजता बोलावीत. म्हातारी माणसे घोंगडी घेऊन गाळ्याच्या पायरीवर झोपत; नंबर आला की त्यांना उठवून अंगठा लावायला आत नेत. नवराबायको दोघांचीही माहिती लागे, त्यामुळे बाईलाही रात्री यावे लागे. अर्जासाठी शेतकऱ्याकडून पैसे घ्यायचे नव्हते. एक केंद्रचालक आम्हाला म्हणाला, “साहेब, लोक मला शिव्या देतात, मी पडद्याला देतो, आणि पडदा कोणाला देतो ते मला माहीत नाही.” इतके नेमके निदान आम्ही कोणा तज्ज्ञाच्या तोंडूनही ऐकले नाही.

आता अर्जात काय विचारले होते ते पाहा. नाव, आधार क्रमांक, बँकेचे नाव, खाते क्रमांक, कर्ज कधी घेतले, किती थकले. यातली बहुतेक माहिती बँकेकडे आणि गावच्या विविध कार्यकारी सोसायटीकडे आधीच होती. सोसायटीच्या सचिवाच्या वहीत ती शाईने लिहिलेली होती. तीच शेतकऱ्याला पुन्हा विचारली. त्याला सोळा आकडी खाते क्रमांक पाठ असणे शक्य नव्हते. एखादा आकडा चुकला तर यंत्र अडत नसे. अर्ज स्वीकारल्याची पावती मिळे. चूक पुढे, बँकेच्या नोंदीशी ताळा घालताना उघडी पडे, तेव्हा दुरुस्त करायला शेतकरी समोर नसे. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, दिवाळीत, समारंभाने प्रमाणपत्रे दिली गेली. पण नोंदींचा मेळ बसेना. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे आल्याच्या तक्रारी निघाल्या. याद्या पुन्हा तपासायला घ्याव्या लागल्या. कित्येकांच्या खात्यावर पैसे पडायला त्यानंतरही महिने लागले.

यात दोष कोणाचा, हे ठरवायला हे व्यासपीठ नाही. आज्ञावली लिहिणारी मुले तेव्हाही रात्रभर जागली असतील. आमचा मुद्दा एवढाच की, मुदत दिवाळीची ठरली होती. प्रमाणपत्र हातात देण्याचा दिवस आधी ठरला आणि यंत्र त्या दिवसाकडे पळत सुटले. यंत्रापुढे उभ्या माणसाला ‘माझी माहिती चुकली आहे’ असे सांगायला जागा ठेवायची, तर त्याला वेळ लागतो. तो वेळ मुदतीतून पहिल्यांदा कापला जातो.

याच गोष्टीचा दुसरा अंक अडीच वर्षांनी झाला. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने दुसरी कर्जमाफी जाहीर झाली. मर्यादा दोन लाखांची. सरकार बदलले होते, पण आम्ही येथे सरकारांची तुलना करीत नाही. यंत्राच्या रचनेची करतो. या वेळी शेतकऱ्याने अर्ज भरायचाच नव्हता. बँकांनी आपल्याकडची थकीत खाती परस्पर संगणकावर चढवली. यादी बँकेत आणि ग्रामपंचायतीत लावली, प्रत्येक नावापुढे एक क्रमांक दिला. शेतकऱ्याने आधार कार्ड घेऊन केंद्रावर जायचे, अंगठा लावायचा आणि पडद्यावर आलेली कर्जाची रक्कम पाहायची. यंत्र एकच प्रश्न विचारी : ही रक्कम मान्य आहे की अमान्य? मान्य म्हटले तर पैसे बँकेकडे. अमान्य म्हटले तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे.

आणखी एक शहाणपण झाले. सगळ्या राज्यावर एकदम उडी न घेता आधी प्रत्येक जिल्ह्यातली दोनदोन गावे निवडली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी ६८ गावांची पहिली यादी निघाली. तीत १५,३५८ खाती होती. आपल्या जिल्ह्यातली गावे होती राहुरी तालुक्यातले ब्राह्मणी आणि नगर तालुक्यातले जखणगाव. दोन गावांत जे अडले ते पाहून मग पुढे जायचे, ही पद्धत. आमच्याकडे कारखान्यात नवा साचा बसवला की आधी दहा नग काढून मापाला लावतात. दहा हजार नग काढून मग माप घेत नाहीत. पुढे मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी आली आणि अंगठा घेण्याचे काम थांबवावे लागले. पण तोवर एक गोष्ट सिद्ध झाली होती. तेच शेतकरी, तेच केंद्रचालक, तेच अंगठ्याचे यंत्र. बदल एवढाच की, पहिल्या यंत्राने शेतकऱ्याला सगळे काही विचारले आणि त्याचे काही ऐकले नाही. दुसऱ्याने एकच प्रश्न विचारला आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवली. २०१७ ची ठेच लागली म्हणून २०२० ची वाट सापडली, हेही मान्य केले पाहिजे.

कोणी म्हणेल, हे सरकारी कामाचे झाले, संस्थापकांचे काय? तर दोन उदाहरणे देतो.

पहिले वारणेचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला १९९८ साली गावोगाव संगणक पोचवण्याची एक मोठी योजना सुरू झाली. आसपासच्या सुमारे सत्तर गावांत पन्नासवर केंद्रे उघडली. शेतकऱ्याने संगणकापुढे बसून जगभरची माहिती घ्यावी, असे स्वप्न होते. प्रत्यक्षात शेतकरी येई तो आपल्या उसाचे विचारायला : वजन किती भरले, तोड कधी मिळणार, खत किती उचलले. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन शाखेतल्या मंडळींनी हे ओळखले आणि सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरच्या लघुसंदेशाची व्यवस्था करून पाहिली. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा, उत्तर त्याच्या हातातल्या फोनवर यायचे. यंत्र लहान झाले, खर्च कमी झाला. कारण शेतकऱ्याला काय विचारायचे आहे, हे आधी पाहिले गेले.

दुसरे उदाहरण कैलास काटकरांचे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरकडचा दहावीपर्यंत शिकलेला हा मुलगा पुण्यात गणनयंत्रे दुरुस्त करण्याच्या दुकानात कामाला लागला. १९९० साली त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. लोक संगणक दुरुस्तीला आणू लागले तेव्हा असे दिसले की, पुष्कळदा यंत्र बिघडलेलेच नसते; आत विषाणू शिरलेला असतो. धाकटा भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होता. त्याने एकेका विषाणूवर एकेक उतारा लिहिला. त्या उताऱ्यांतून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ ही आज्ञावली निघाली आणि २०१६ साली त्या कंपनीचे भाग शेअर बाजारात आले. आम्हाला यात मोठी वाटते ती श्रीमंती नव्हे. दुरुस्तीवाल्याच्या टेबलासमोर अडलेला माणूस बसलेला असतो. ‘अजून चालत नाही’ असे तो तोंडावर सांगतो, आणि ते ऐकल्याशिवाय दुरुस्तीवाल्याला पैसे मिळत नाहीत. ज्याने ‘नाही’ ऐकत धंदा शिकला, त्याचे यंत्र सहसा माणसाला उपयोगी पडते.

आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याची नोंदणी केली १९४८ साली. पहिले गळीत झाले १९५० साली. नवा उद्योग, अपुरे भांडवल, अनुभव नाही, बँका साशंक. आजच्या संस्थापकाला यातले काय अनोळखी वाटेल? पण तेथे भागाबरोबर शेतकऱ्याला आणखी एक वस्तू मिळाली. सर्वसाधारण सभेत उभे राहून ‘अध्यक्षमहाराज, हे मान्य नाही’ असे म्हणण्याचा हक्क. तो हक्क पुढे कोठे किती टिकला याची चर्चा आपण वेगळ्या दिवशी करू. पण तो घटनेत लिहिलेला होता, हे महत्त्वाचे.

आता शेवटी आमच्या घरची गोष्ट. कारखान्यातून, विडीच्या धंद्यातून निवृत्त झालेल्यांना १९९५ च्या योजनेखाली निवृत्तिवेतन मिळते. २०१४ साली त्याची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरली. त्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की भागे. नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही अंगठ्याची सोय आली. घरापासून जवळच्या केंद्रावर काम व्हावे, हेलपाटे वाचावेत, असा तिचा उद्देश. ज्यांचा अंगठा उमटतो त्यांचे हेलपाटे खरोखर वाचले.

परंतु नगरात आणि संगमनेरात ज्या बायांनी चाळीस वर्षे विड्या वळल्या, त्यांच्या बोटांची टोके पाहा. तंबाखू, पान आणि सुताचे वळसे यांनी रेषा पुसून गेल्या आहेत. भट्टीवर काम केलेल्यांचे, कोयता धरलेल्यांचे तेच. असा माणूस यंत्रावर अंगठा ठेवतो आणि यंत्र म्हणते : जुळत नाही. तो बोट पदराला पुसतो, पुन्हा ठेवतो. यंत्र पुन्हा म्हणते : जुळत नाही. माणूस समोर जिवंत उभा आहे, श्वास घेतो आहे, केंद्रचालकाची आई त्याला गेली तीस वर्षे ओळखते. पण पडद्यावर ‘मी येथे आहे, तुझेच चुकते आहे’ असे सांगायला जागा नाही. ज्या श्रमाबद्दल निवृत्तिवेतन मिळायचे, त्याच श्रमाने त्याचा पुरावा पुसला. पुढे २०२२ पासून चेहरा ओळखून प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था आली. तिने कित्येकांची अडचण दूर झाली. पण ज्यांच्याकडे तसा फोन नाही, फोन असून चालवता येत नाही, ते अजून आमच्या कार्यालयात येतात आणि आम्ही त्यांना घेऊन दारोदार फिरतो.

कामगार चळवळ यंत्राच्या विरुद्ध आहे, असा आक्षेप जुना आहे. बँकांतल्या कामगारांनी संगणकाबद्दल प्रश्न विचारले आणि १९८३ साली त्यांच्या संघटनांनी बँक मालकांच्या संघाशी करार केला. यंत्रे किती, कोठे आणि कोणत्या अटींवर, हे त्यात ठरले. तो विरोध नव्हता, तो संवाद होता. यंत्र आले, पण विचारून आले. आजही आमचे मागणे तेच आहे. फरक इतकाच की, तेव्हा प्रश्न यंत्रामागच्या माणसाचा होता. आता यंत्रापुढच्या माणसाचाही आहे.

म्हणून नवे उद्योग काढणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना, आणि त्यांना काम देणाऱ्यांना, तीन मागण्या आहेत. मागण्या मांडल्याशिवाय आमचे भाषण संपत नाही, हे आपण जाणताच.

पहिली मागणी : जे तुमच्या वहीत आधीच लिहिलेले आहे ते गरिबाला पुन्हा विचारू नका. त्याला फक्त ते दाखवा आणि बरोबर आहे का, एवढे विचारा.

दुसरी : प्रत्येक पडद्यावर ‘अमान्य’ असे बटण ठेवा, आणि ते दाबल्यावर पुढे कोणता माणूस, किती दिवसांत उत्तर देईल, हे तेथेच छापून द्या. ज्या बटणामागे माणूस नाही ते बटण खोटे.

तिसरी : जाग्रणाचा हिशेब करा. १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा कामाला दुप्पट दर ठरवला होता. पहाटे दोनला शेतकऱ्यांचे अंगठे घेणाऱ्या केंद्रचालकाला कोणता दर? तुमच्या कंपनीत रात्र काढणाऱ्या मुलाला कोणता? मुदत पाळल्याचा मान ज्याला मिळतो, त्याने ती कोणाच्या झोपेतून पाळली हेही सांगावे.

या तीन गोष्टींना फार मोठे भांडवल लागत नाही. लागतो तो थोडा वेळ. आणि उद्घाटनाआधी एक दिवस तरी विडी कामगार बाईला, सोसायटीच्या सभासदाला त्या यंत्रापुढे उभे करून ती काय म्हणते ते ऐकण्याची तयारी. या जिल्ह्यात तुमच्या यंत्राची परीक्षा घ्यायला माणसे हवी असतील, तर आमच्याकडे या. पाहिजे तितकी झिजलेली बोटे आम्ही देऊ.